विसर्ग सुरू

अंबाजोगाईत धबधबा सुटल्याची बातमी दूधवाल्याच्या आधी येते, आणि ती आप्पा आणतात. अंगात बनियन, त्यावर रेनकोट, खाली गुडघ्यापर्यंत वर खोचलेला लेंगा आणि हातात छत्री. रेनकोट असताना छत्री कशाला, हे विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. फाटकाची कडी दोनदा वाजवून ते “सुटलाय” एवढंच म्हणतात आणि पुढच्या फाटकाकडे वळतात. नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला वाटतं, कुणाचा तरी बैल सुटला. तो धावत बाहेर येतो आणि फाटक लावून घेतो.

बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावागावात असा एक माणूस सापडतो. नोकरीतून मोकळा झालेला, गुडघे अजून शाबूत असलेला आणि स्वतःची नातवंडं पुण्याला असल्यामुळे गल्लीतली वापरणारा. त्याचं काम एकच, लेकरांना धबधबा दाखवणं. कोकणातला माणूस हे ऐकून विचारेल, त्यात दाखवायचं काय? त्याच्याकडे पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तरी धबधबा लागतो. आमच्या बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर. आंबोलीचा पाऊस एवढं काम एका चांगल्या आठवड्यात उरकतो. आमचा पाऊस जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलैत पेरलेलं करपवतो आणि सप्टेंबरात, सोयाबीन काढणीला आलं की, सगळी थकबाकी एकदम भरतो. धबधबे सुटतात ते या थकबाकीवर. आठ दिवस चालले, पंधरा दिवस चालले, की संपलं. मग पुढं वर्षभर कड्यावर नुसता काळा ओघळ दिसतो आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना तो बोट करून दाखवावा लागतो.

आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आधी सायकलवर, मग लुनावर, शेवटची काही वर्षं मुलानं घेऊन दिलेल्या स्कूटीवर त्यांनी चाऱ्या पालथ्या घातल्या. पाणी कधी सोडलं, कधी बंद केलं, कुणी रात्री दार उचललं, कुणी चारी फोडली, कुणाचं पाणी टेलपर्यंत पोचलं नाही, हे सगळं वहीत. खातं सुटलं, पण भाषा त्यांच्याबरोबर घरी आली. दिवाळीला मुलगा-सून आले की ‘आवक’, गेले की ‘विसर्ग’. पातेल्यात वरण तळाला गेलं की ‘मृतसाठा’. एकदा महिनाअखेरीला काकूंनी पर्स उघडून त्यांच्यापुढं धरली आणि त्याच शब्दात हिशोब दिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोची एवढी तांत्रिक एकवाक्यता मी दुसरीकडे पाहिली नाही.

आमच्या गावात हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. अंबाजोगाई धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी पिते, लातूरही तेच पितं. पाहुण्यांना चहा टाकता टाकता बाया धरण किती टक्के भरलं ते बोलतात. २०१६ च्या एप्रिलात त्या धरणानं हात वर केले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. आप्पा लातूरला जाऊन पाहून आले. परत आल्यावर गाडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. हातपाय धुवायला गेले, अर्ध्या तांब्यात उरकलं आणि काकूंना म्हणाले, “मोरीतल्या नळाचा वॉशर बदलायचा राहिलाय.”

बहात्तरच्या दुष्काळात ते शाळकरी वयाचे होते. खडी फोडायला गेले होते, सुकडी खाल्ली होती. ही कहाणी ते लेकरांना सांगतात, पण सुकडीच्या चवीपाशी येऊन थांबतात, कारण लेकरं लगेच विचारतात, “म्हणजे कशी? चॉकलेटसारखी?” या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नाही.

तर, धबधबा कधी सुटणार हे आप्पांना पेपरवरून कळतं. पावसाळ्यात आमच्या पेपरात मंडळनिहाय पाऊस छापून येतो. घाटनांदूर इतका, बर्दापूर इतका, लोखंडी सावरगाव इतका. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. शेतकरी तो आकडा पंचनाम्यासाठी बघतो, आप्पा धबधब्यासाठी. आकडा एकच, आणि आप्पांना ते ठाऊक आहे. म्हणून अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी ते मोंढ्याकडच्या रस्त्यानं जात नाहीत. तिथं भिजलेल्या सोयाबीनचे चेहरे उभे असतात. लेकरांना नेण्याचा दिवस मात्र बहुधा ठरलेला असतो, १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन, नंतर सुट्टी, आणि पाऊस असलाच तर तेव्हाच असतो. निजाम गेल्याचा मराठवाड्याला जो काही फायदा झाला, त्यात आप्पा ही सोय पहिली धरतात.

परवानगीचा भाग आधीच्या संध्याकाळी. शेतकऱ्याला कालव्याचं पाणी हवं असेल तर नमुना नंबर सातचा अर्ज भरावा लागतो. आप्पा लेकरांच्या आयांकडून नमुना सात भरून घेतात. वहीचं पान, त्यावर पट्टीनं आखलेले रकाने. लेकराचं नाव, इयत्ता, सर्दी आहे काय, पोहता येतं काय, चपलेला मागून पट्टा आहे काय, मागील थकबाकी. थकबाकी म्हणजे गेल्या वर्षी नेलेला टॉवेल परत केला की नाही. सही किंवा अंगठा. एका बाईनं गमतीनं अंगठा उठवला तर आप्पांनी साक्षीदार मागितला.

“आप्पा, लेकरू खोकायलंय हो दोन दिस झाले.”

“मग अर्ज नामंजूर.”

“आवं पण रडून रडून घर डोक्यावर घ्यायलंय.”

“मग काठावरचा लाभधारक म्हणून येऊ द्या. पाणी बघायचं, शिवायचं नाही.”

आया हसतात, पण लेकरं देतात त्या याच माणसाकडे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबातली पाच माणसं, त्यात लेकरं, वाहून गेली, तो व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येक फोनवर येऊन गेला होता. आप्पांनी तो पूर्ण पाहिला नाही. पण त्या वर्षीपासून त्यांच्या पिशवीत शंभर फूट सुती दोर आला, गळ्यात शिटी आली, आणि नमुना सातवर लाल शाईनं एक ओळ वाढली: ‘पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा यायला लागला, की शिटी वाजण्याची वाट न बघता बाहेर.’ ही ओळ ते लेकरांकडून पाढ्यासारखी म्हणवून घेतात. बाकीच्या नियमांची लेकरं टिंगल करतात, या ओळीची करत नाहीत.

यंदा सतरा लेकरं निघाली. मदतनीस म्हणून मी, कारण माझं लेकरू त्यात आणि मला सुट्टी. झेंडावंदनाचे कपडे बदलायला कुणाला वेळ लागला, कुणाची चप्पल सापडेना, तशी आप्पांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आवाज दिला, “मुहूर्त टळला की काय होतं?”

“दगड!” सतरा घरांतून उत्तर आलं.

हे आमच्या गावाचं खास हत्यार आहे. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं, अशी कथा. पुरावा म्हणून हत्तीखान्याची लेणी आणि तिथले दगडी हत्ती. दुसऱ्या गावांत उशीर करणाऱ्या लेकराला बुवा येईल म्हणून भीती घालतात. अंबाजोगाईत हत्ती दाखवतात. मोठ्यांवर त्याचा काही परिणाम झालेला नाही. आमच्याकडची लग्नं अजून दोन तास उशिरानं लागतात.

सतरांतली एक पाहुणी होती, सिंगापूरची. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी, त्यामुळे वर्षभर पुण्या-मुंबईची आणि आता परदेशातलीही कुटुंबं दर्शनाला येतात. ज्यांच्या मुळच्या गावी चार महिने आभाळ फाटलेलं असतं, ती माणसं ओटी भरायला टँकरच्या मुलखात येतात. यावर आप्पांचं मत पक्कं आहे: “पाऊस त्यांच्याकडं, देवी आमच्याकडं. वाटणी कुणी केली माहीत न्हाई, पण बरोबर केली.” हे कुटुंब आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचं. मुलगी आठ वर्षांची, गुलाबी बूट, मनगटावर बोलणारं घड्याळ, आणि मराठी स्वच्छ पण तोलून-मापून, कारण ते फक्त आजीशी बोलायला वापरात होतं.

जाताना पायी. वाटेत व्याख्यान. मुकुंदराजांच्या समाधीचा परिसर आला की आप्पा थांबतात, रेनकोटची वरची दोन बटणं काढतात आणि सांगतात की मराठीचे आद्यकवी ते हेच, ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी. विदर्भातली माणसं मुकुंदराज वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे म्हणतात. त्या वादात विद्वानांनी बरंच रक्त आटवलंय, पण आप्पांनी तो दोन वाक्यांत मिटवला आहे. “आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे. एवढं पाणी असलेला माणूस विवेकावर कशाला लिहील?” लेकरांतल्या पिंट्यानं विचारलं, “मग ते अंघोळ करायचे का इथं धबधब्यात?” आप्पा म्हणाले, “वर्षातून पंधरा दिवस.” इतिहासाबद्दल त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत विश्वसनीय वाटलं.

पावसाळ्यात इथं दरीत मोठं पाणी कोसळतं. सगळं गाव तिकडे लोटतं. कणसं भाजणारे येतात, मोबाइल वर धरून मागं मागं सरकणारे तरुण येतात. आप्पा तिकडे लेकरांना नेत नाहीत. लांबून दाखवतात, चार वाक्यांत दगडाचा इतिहास सांगतात (साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर, मऊ थर झिजतो, कठीण थराची पायरी उरते, पाणी त्या पायरीवरून पडतं) आणि तोंड फिरवतात. सौताड्याबद्दलही त्यांचं असंच. विंचरणा नदी तिथं केवढी तरी खोल उडी मारते, खाली रामेश्वराचं देऊळ, जिल्ह्यातला सर्वांत देखणा धबधबा म्हणून त्याचं नाव. आप्पा म्हणतात, “देखणा हाय. पण त्याच्याशी बोलता येत न्हाई.” कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी गर्दी फार. म्हणजे हा मोठा, तो लांबचा, त्याला गर्दी, असं करत करत उरतो तो आप्पांचा.

आप्पांच्या धबधब्याला नाव नाही. पायवाट सोडून सीताफळीच्या झुडपांतून आत शिरायचं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण झुडपांना ते कळलेलं नसावं, ती अजून कुठंही उगवतात आणि अंगावर सगळं पाणी झटकतात. मग बोरीचे काटे, घाणेरीची जाळी, एक पळस, आणि त्याच्यामागं दीड पुरुष उंचीचा काळा दगड, त्यावरून कुणी घमेल्यानं ओतत राहावं तसं पाणी. खाली डबकं, लहानातल्या लहान लेकराच्या कमरेइतकं. आप्पांनी आधी दोनदा येऊन बांबूनं ते तपासलेलं असतं. झालं, एवढंच. पण भोवती सगळं हिरवं, ओलं, अंधारलेलं. किडे ओरडत असतात. आणि फेब्रुवारीत हीच जागा पाहिलेल्या माणसाला तिला जंगल म्हणताना जरा दबूनच म्हणावं लागतं.

लेकरं धावली. शिटी वाजली. “आधी मोजणी!”

मोजल्याशिवाय आप्पा पाण्याला हात लावू देत नाहीत. धबधब्याच्या वर, दगडातल्या सरळ पन्हळीत, त्यांनी दहा फुटांवर दोन खुणा रंगवून ठेवल्या आहेत. रुंदी दीड फूट, खोली सहा इंच. पळसाचं पान सोडायचं, ते खालच्या खुणेला किती सेकंदांत पोचतं ते बघायचं. पहिलं पान कडेला अडकलं. दुसरं पिंट्यानं फुंकून पुढं ढकललं, म्हणून बाद. तिसऱ्यावर मुंगळा बसलेला निघाला. तो उतरवण्यासाठी मोजणी थांबवावी की नाही यावर दोन तट पडले. चौथं पान गेलं बारा सेकंदांत. सिंगापूरच्या घड्याळानं बारा पूर्णांक एक सांगितले, ते आप्पांनी ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला ठेवले. मग वरचं पाणी पळतं, तळचं रेंगाळतं, म्हणून पंधरा टक्के वजा.

“अर्धा क्युसेक,” आप्पांनी जाहीर केलं. “सेकंदाला चौदा लिटर. बोला, टँकर किती वेळात?”

आमच्या गल्लीची लेकरं गणितात कच्ची आहेत, पण टँकरमध्ये नाहीत. दहा हजारांचा टँकर बारा मिनिटांत भरेल, असं तिसरीतल्या पोरीनं बोटांवर सांगितलं. आणि मिरजेची ती पहिली गाडी? त्याला जरा वेळ लागला. दहा तास. दीड पुरुष उंचीचा हा ओहोळ दहा तास चालला की देशानं टीव्हीवर पाहिलेली गाडी भरते. लेकरांनी दगडाकडे एकदा मान वर करून नीट पाहिलं. पिंट्यानं विचारलं, “मग तेव्हा इथून का नाही नेलं?”

“तेव्हा हा बंद होता,” आप्पा म्हणाले.

“कुणी बंद केला होता?” हा प्रश्न सिंगापूरचा. प्रामाणिक होता. “आमच्या एअरपोर्टवर आहे ना वॉटरफॉल, तो रात्री बंद करतात.”

आप्पांची छत्री मिटली. चांगी विमानतळावर २०१९ पासून काचेच्या घुमटाखाली चाळीस मीटरचा धबधबा पडतो, छताखालचा जगातला सर्वांत उंच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं ठाऊक करून दिलं. त्याच्या भोवती झाडं आहेत, रात्री त्याच्यावर रंगीत दिवे पडतात, आणि दुकानं आहेत.

“छताखाली?”

“हो.”

“मग वर पाणी चढवतं कोण?”

“पंप.”

“बिल?”

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आप्पा मात्र रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, आणि मला पुढचं व्याख्यान दिसू लागलं. नायगारा! नायगाराचं पाणी अमेरिका आणि कॅनडा वीज करायला वळवतात, आणि किती वळवायचं याचा १९५० चा करार आहे. पाहुण्यांच्या हंगामात दिवसा कड्यावरून निदान एक लाख क्युसेक पडलंच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजारांवर भागवतात. “म्हणजे काय?” आप्पांनी छत्री आभाळाकडे उगारली. “नायगारासुद्धा आवर्तनावर! तुमचा शिंगापूरचा पंपावर. आणि ह्यो?” त्यांनी अर्ध्या क्युसेककडे बोट केलं. “ह्याला दार न्हाई, चावी न्हाई, वरून हुकूम न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी त्या दाराविना धबधब्याला दार लावलं. म्हणजे वही काढली आणि पाणीपाळी वाचायला घेतली. पहिली पाळी पाच लेकरं, तीन मिनिटं, दोन ओळींत. दुसरी पाळी पाच. डावीकडच्या दगडावर शेवाळ, तो भाग बंद. खोकणारा लाभधारक काठावर, पाय गुडघ्याखाली भिजवण्यास हरकत नाही. तीन मिनिटं झाली की शिटी. ज्या माणसानं आयुष्यभर शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन पाणी वाटलं, त्याला फुकटच्या पाण्याखाली उभं राहिल्यावरही हात आखडता घ्यावासा वाटतो, आणि गंमत अशी की त्यांना वाटतं, लेकरांना मजा येते ती त्यांच्या नियोजनामुळे.

पहिल्या पाळीत किंकाळ्या. पाणी गार, दगडावर आपटून उडणारं, आणि डोक्यावर पडताना चांगलाच मार देणारं. आमच्याकडची लेकरं बादलीत तांब्या बुडवून, खाली घमेलं ठेवून अंघोळ करायला शिकलेली. ते घमेल्यातलं पाणी पुढं तुळशीला जातं. पाणी डोक्यावर पडतंय आणि संपतच नाहीये, हे त्यांना दोन मिनिटं खरं वाटत नाही. दुसरीतला एक मुलगा ओंजळीत धरून पाणी बाजूच्या सीताफळीला नेऊन घालत होता. पाच-सहा खेपा केल्यावर कुणीतरी त्याला ओढून परत धारेखाली उभं केलं. सिंगापूरची पाहुणी गुलाबी बूट हातात घेऊन काठावर उभी होती. पाण्यात क्लोरीन आहे का, असं तिनं मला हळूच विचारलं. नाही म्हटलं. लाइफगार्ड? मी आप्पांकडे बोट केलं. तिनं लेंगा, रेनकोट, छत्री आणि शिटी अशी वरपासून खालपर्यंत पाहणी केली, बूट माझ्याकडे दिले आणि गेली. तिसऱ्या पाळीत गेलेली ती चौथ्या पाळीतही सापडली. आप्पांनी वहीत तिच्या नावापुढं ‘अनधिकृत उपसा’ असं लिहिलं.

मग धपाटे. काकूंनी पहाटे उठून केलेले, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. ओलं अंग, धपाट्याचा तिखट वास, वर झाडाला टपलेली वानरं. वाटपाचाही आप्पांचा नियम आहे, टेलपासून सुरू. कालव्यावर वरचे शेतकरी पाणी ओढून घेतात आणि शेवटचा कोरडा राहतो, म्हणून शास्त्र असं की आधी टेलला द्यायचं. ओळीच्या शेवटी बसलेल्याला पहिला धपाटा. लेकरांना हे शास्त्र गेल्या वर्षीच कळलेलं असल्यामुळे सगळी शेवटी बसायला धावतात, त्यामुळे ओळ दर वेळी मागं मागं सरकत झुडपात जाते. एका वानरानं या गोंधळात टेलच्याही टेलला उतरून एक धपाटा नेला. चटणी त्यानं सोडून दिली.

खाऊन झाल्यावर परतीची मोजणी. आप्पांनी बोटानं मोजलं, थांबले, पुन्हा मोजलं. मला मोजायला सांगितलं.

“अठरा,” मी म्हणालो.

“आवक सतरा, विसर्ग अठरा,” आप्पा पुटपुटले. सगळ्या नोकरीत त्यांनी गळती पाहिली होती, तूट पाहिली होती, बाष्पीभवन पाहिलं होतं. वाढ पहिल्यांदाच बघत होते. एक लेकरू कमी असतं तर त्यांनी डोंगर हलवला असता, त्याची तयारी त्यांच्या पिशवीत होती. जास्तीच्या लेकरासाठी पिशवीत काही नव्हतं. त्यांनी नमुना सातचे सगळे कागद काढून एकेकाला नावानं हाक मारली. शेवटी उरला एक गोल चेहऱ्याचा मुलगा, ओल्या चड्डीत, दोन्ही गालांना दही.

“तुझा अर्ज?”

“अजून एक धपाटा द्या ना.”

“कुठला तू?”

“लातूरचा.”

मोठ्या धबधब्याकडून हाका ऐकू येत होत्या. थोड्या वेळानं झुडपांतून एक गृहस्थ काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनी बाहेर आले, मुलाला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याला रागावायला त्यांनी हात उचलला. आप्पा मध्ये पडले.

“मारू नका. आमच्या पाळीत आलेला हाय. पण एक सांगा,” त्यांचा आवाज चढला, “आमच्या जिल्ह्यातल्या धरणाचं पाणी नेताव, ते नेताव. आता लेकरंबी आमच्या अंगावर सोडून जायलाव?”

गृहस्थ ओशाळले, पण लातूरकरच ते. “धरण तुमच्या जिल्ह्यात, खरं आहे. पण पाइपलाइन आम्ही टाकली की.”

मला वाटलं, आता दोन जिल्ह्यांचा जुना हिशोब इथंच निघणार. आप्पा दोन पावलं पुढं गेले. “आज किती टक्के?”

“एकसष्ट. सकाळी मेसेज आलाय.”

“एकूण का जिवंत?”

गृहस्थांनी आप्पांकडे पाहिलं. हा प्रश्न कोण विचारतं, हे लातूरच्या माणसाला बरोबर कळतं. त्यांनी चपला काढल्या, दगडावर बसले आणि म्हणाले, “जिवंत.”

आप्पा शेजारी बसले. उरलेला शेवटचा धपाटा त्यांनी अर्धा करून दिला. आवक काय म्हणते, केज तालुक्यात परवा किती पडला, गाळ किती धरायचा, उसाला पाणी द्यावं की न द्यावं, असं ते बोलणं वरून खाली वाहायला लागलं. रेनकोटची सगळी बटणं उघडी होती. इकडे सतरा अधिक लातूरचं एक, अशी अठरा लेकरं एकदम धारेखाली घुसली. पाळी नाही, ओळ नाही, खोकणारा लाभधारक सर्वांत पुढं, आणि सिंगापूरचं घड्याळ पाण्यात कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होतं. मी आप्पांना खूण केली. त्यांनी मान न वळवता शिटी तोंडात घेतली आणि वाजवली. कुणीच बाहेर आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, एवढ्यासाठीच की वाजवल्याची नोंद राहावी, आणि शिटी तोंडातून काढून लातूरकरांना विचारलं,

“बाष्पीभवन किती धरताव तुम्ही?”